सकाळचं माप

मित्रांनो, मी स्क्रिप्ट आहे, आणि आता बरीच जुनी झाले आहे. स्क्रिप्ट म्हटलं की तुम्हाला नाटक-सिनेमा आठवेल. मी तसली नाही. माझ्यात राजा नाही, राणी नाही, टाळ्या घेणारं एकही वाक्य नाही. 'आधी हे कर, मग ते कर' असं संगणकाला सांगणाऱ्या शे-दीडशे ओळी म्हणजे मी. मला हात नाहीत की पाय नाहीत. तरी माझं सगळं आयुष्य लोकांच्या पायांपाशीच गेलं.

मी राहते तिथे पाय बनतात. अपघातात किंवा आजारपणात ज्यांचा पाय कापावा लागला, त्यांच्यासाठी प्लास्टिकचे आणि धातूचे पाय. पुढच्या मोठ्या खोलीत साचे कोरणारं यंत्र दिवसभर घरघरतं आणि त्याची पांढरी भुकटी चहाच्या कपापासून मालकांच्या भुवयांपर्यंत सगळीकडे बसते. मागे फिटिंगची खोली आहे. तिथे कमरेच्या उंचीवर दोन लांब दांड्या समोरासमोर बसवल्या आहेत. त्यांना धरून माणसं नव्या पायावर चालायला शिकतात. समोर उंच आरसा आहे आणि कोपऱ्यातल्या टेबलावर माझा संगणक. त्याचा माइक आणि कॅमेरा बंद करायचं आजवर कोणाला सुचलेलं नाही. त्यामुळे त्या खोलीत कोण रडलं, कोणी कोणाला काय सुनावलं, हे सगळं मला दिसतं आणि ऐकू येतं.

पायाचं माप मात्र इथे घेत नाहीत. ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, दवाखान्यात घेतात. तिथे मापवाले काका होते. पाय कापल्यावर जो भाग उरतो, त्याचा घेर ते बोटाबोटावर टेप लावून घ्यायचे, आकडे संगणकात भरायचे, चार बाजूंनी फोटो काढायचे आणि ते सगळं झिप करून आमच्याकडे पाठवायचे. झिप म्हणजे दाबून बांधलेलं गाठोडं. हिवाळा संपल्यावर तुमच्या घरी गोधड्या दाबून-दाबून एका पिशवीत कोंबतात ना, तसंच. फरक इतकाच की आत काय काय आहे याची चिठ्ठी या गाठोड्याच्या अगदी शेवटी खोचलेली असते. म्हणून मी गाठोड्याला नेहमी शेपटीकडून हात घालते.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. नुकताच कापलेला पाय दिवसभर एकसारखा राहत नाही. सकाळी तो सडसडीत असतो. दिवसभर खाली लोंबकळून संध्याकाळपर्यंत त्याला सूज चढते. म्हणून काका प्रत्येकाचं माप दोनदा घ्यायचे, सकाळी आणि संध्याकाळी. दोन्हींच्या मधलं माप धरून पाय बसण्याची जागा कोरायची. त्या जागेला इथे सगळे सॉकेट म्हणतात. गाठोड्यात काका दोन फोल्डर ठेवायचे. एकाचं नाव 'सकाळ', दुसऱ्याचं 'संध्याकाळ'. आतल्या फाइलीचं नाव मात्र दोन्हीकडे एकच, 'माप'.

मला लिहिलं ते काकांच्या मुलीने. ती तेव्हा याच खोलीत, याच टेबलाशी काम करायची. सगळे तिला ताई म्हणायचे. त्या काळात ताई रोज गाठोड्यांच्या गाठी सोडून सगळ्या फाइली पडद्यावर पसरायची आणि आकडे एकेक करून यंत्रात भरायची. एकदा तिच्या हातून दोन पेशंटच्या फाइलींची अदलाबदल झाली आणि एका बुटक्या वाण्यासाठी सहा फुटी पहिलवानाचा पाय कोरला गेला. खोलीत हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. ताई हसली नाही. त्याच आठवड्यात तिने माझी पहिली ओळ लिहिली.

काका अधूनमधून तिचा डबा घेऊन यायचे. असंच एकदा तिने त्यांना विचारलं, "बाबा, दोन्ही फाइलींना एकच नाव कशाला देता हो? एक 'सकाळमाप', एक 'सांजमाप' असं दिलंत तर काय बिघडेल?"

"अगं, फोल्डरला नाव दिलंय ना? मग आतल्याला कशाला वेगळं? सकाळी हाक मारताना मी तुझं एक नाव घेतो आणि संध्याकाळी दुसरं, असं होतं का?"

"तुमच्यापुढे शहाणपणा चालायचा नाही. राहू दे. मीच माझ्या स्क्रिप्टला समजावते."

आणि तिने मला खरोखरच समजावलं. तिची शिकवण अशी होती की गाठोडं सोडायचंच नाही. बाहेर काही पसरलं तर काही सांडणार, काही मिसळणार. चिठ्ठी वाचायची, 'सकाळ'मधलं माप तिथल्या तिथे वाचायचं, मग 'संध्याकाळ'मधलं वाचायचं, दोन्हींच्या मधला आकडा काढायचा, यंत्राला द्यायचा, बस्स. तिने मला फाटकी गाठोडी दिली, रिकामी गाठोडी दिली, एकच माप असलेली गाठोडी दिली, आणि प्रत्येक वेळी मी काय करते ते डोळ्यांत तेल घालून पाहिलं. एक जरी माप सापडलं नाही तरी मी जागच्या जागी थांबायचे आणि पडदाभर लाल अक्षरांत ओरडायचे, 'थांबा! सकाळचं माप मिळत नाही!' मी पहिल्यांदा ओरडले तेव्हा ताईने आनंदाने टेबलावर थाप मारली होती. शेवटी तिने माझ्या डोक्यावर एक टीप लिहिली. टीप म्हणजे माणसांसाठी लिहिलेली ओळ. संगणक ती वाचत नाही, पुढे सरकतो. ती ओळ अशी आहे: 'बाबांच्या हातासाठी. ही स्क्रिप्ट दोन्ही मापं वाचते. एकावर कधीच विसंबत नाही.'

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस. मालक पाहुण्यांना मुद्दाम मागच्या खोलीत आणायचे. "हे बटण दाबायचं, की तिकडे पाय तयार!" असं सांगायचे. पाहुणे माना डोलवायचे. ताईचं कौतुक व्हायचं, माझं व्हायचं, काकांचं कोणी करायचं नाही, पण ते डबा खाली ठेवून दारातून मुलीकडे बघत उभे राहायचे. ज्यांना पाय बसला ती माणसं आरशासमोर येऊन आधी पायाकडे बघायची आणि मग स्वतःच्या तोंडाकडे. मला ते फार आवडायचं.

पण पोरीचं नाव झालं आणि तिला एका मोठ्या ऑफिसात बोलावणं आलं. ती गेली. जाताना पडद्यावरची भुकटी तिने ओढणीने पुसली.

तिच्या जागी मालकांचे जावई येऊन बसले. त्यांच्या माघारी सगळे त्यांना जावईबापू म्हणायचे. ते दुष्ट नव्हते. दुष्ट असते तर त्यांचा राग तरी करता आला असता. ते फक्त घाईत असायचे. चहा घाईत, फोन घाईत, आणि शर्टाची इस्त्री मोडू नये म्हणून खुर्चीतही अर्धवटच बसायचे.

त्याच सुमाराला आणखी एक दवाखाना आम्हाला मापं पाठवू लागला. तिथल्या लोकांना दोनदा माप घ्यायचा कंटाळा होता. त्यांच्या गाठोड्यात एकच माप असायचं आणि तेही फोल्डरविना. मी काय करणार? मला शिकवलं होतं तेच केलं. थांबले आणि ओरडले. दिवसातून चारदा, सहादा. एकदा तर मालक पाहुण्यांना घेऊन खोलीत आले आणि नेमकं तेव्हाच मी पडदाभर लाल झाले.

"हे काय?" पाहुण्यांनी विचारलं.

"काही नाही, काही नाही," मालक म्हणाले आणि जावयाकडे असं बघितलं की जावईबापूंच्या कानाच्या पाळ्या माझ्याहून लाल झाल्या.

पाहुणे गेल्यावर जावईबापूंनी मला उघडलं. "नुसती कटकट आहे ही," असं पुटपुटत त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे माझं ओरडणं काढून टाकलं. एक माप असो, दोन असोत, जे मिळेल त्याच्यावर काम चालवून घ्यायचं. दुसरी म्हणजे त्यांनी मला गाठोडं सोडायला लावलं. आतल्या सगळ्या फाइली बाहेर काढायच्या आणि फोल्डरची नावं टाकून देऊन एकाच जागी मांडायच्या, म्हणजे दोन्ही दवाखान्यांची गाठोडी सारखीच हाताळता येतील.

आता तुम्हीच सांगा, एका जागी एकाच नावाच्या दोन फाइली कशा राहतील? मी 'सकाळ'मधलं 'माप' बाहेर काढून ठेवायचे. मग 'संध्याकाळ'मधलं 'माप' काढून त्याच जागी ठेवायचे. दुसरं पहिल्याच्या डोक्यावर बसायचं आणि पहिलं नाहीसं व्हायचं. आवाज नाही, धूर नाही, काही नाही. मग उरलेल्या एकाच मापाचा मधला आकडा मी काढायचे. एकाच मापाच्या मधला आकडा म्हणजे तेच माप!

जावईबापूंनी मला तपासलं ते कशावर? त्या दुसऱ्या दवाखान्याच्या गाठोड्यावर, ज्यात एकच माप होतं. आकडा बरोबर आला. त्यांनी हात झटकले आणि जेवायला गेले. माझ्या डोक्यावरची ताईची ओळ त्यांनी तशीच ठेवली. संगणकाला ती वाचायचीच नसते, तर पुसायचे कष्ट कोण घेणार?

बरेच दिवस कोणाच्या काही लक्षात आलं नाही. येणारी बहुतेक माणसं जुन्या पायांची होती, झिजलेला पाय बदलून घ्यायला आलेली. जुन्या पायाला सूज फारशी चढत नाही. त्याची सकाळ आणि संध्याकाळ जवळजवळ सारखीच.

मग कंडक्टरबाई आल्या.

त्या बसमध्ये कंडक्टर होत्या. डेपोत मागे येणाऱ्या बसखाली सापडून त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. जखम नुकतीच भरली होती. खुर्चीतून ढकलत आणलं तरी दारातून आत येताना त्या मोठ्याने म्हणाल्या, "चला, पुढे सरका, पुढे जागा आहे!" आणि पांढऱ्या भुकटीत बसलेली सगळी माणसं हसली. घरी थकलेले वडील आणि शाळेत जाणारी मुलगी. कमावणाऱ्या त्या एकट्याच. डेपोच्या साहेबांनी त्यांना सांगितलं होतं की महिनाअखेर एक पूर्ण पाळी बसमध्ये उभं राहून दाखवा. दाखवलीत तर नोकरी राहील, नाही तर घरी बसा.

"उभी राहीन हो," त्या म्हणाल्या. "फक्त पाय नीट द्या. बाकीचं माझं मी बघते."

काकांनी त्यांचं माप घेतलं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. गाठोडं आलं, जावईबापूंनी बटण दाबलं. सकाळचं माप मी बाहेर काढलं, ठेवलं, आणि त्याच्यावर संध्याकाळचं ठेवलं. सुजलेल्या पायाचा साचा कोरला गेला.

पहिल्या सकाळी त्या दांड्या धरून उभ्या राहिल्या आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. सडसडीत पाय त्या ढगळ सॉकेटमध्ये घसरून खाली जात होता आणि हाडाचं टोक तळाला टेकत होतं. पाऊल टाकलं की टोक घासायचं.

"दुखतंय," त्या म्हणाल्या.

"सुरुवातीला दुखणारच," जावईबापू म्हणाले. "सगळ्यांनाच दुखतं. ढिला वाटला तर आतून मोजे चढवा."

त्यांनी मोजे चढवले. एकावर एक, तीन. सकाळ निभावली. दुपार टळल्यावर पाय सुजू लागला आणि त्या तीन मोज्यांत आवळला जाऊ लागला. मोजे काढायचे तर पाय काढावा लागतो, आणि गर्दीने भरलेल्या बसमध्ये पाय काढून कुठे बसायचं? पुढच्या खेपेला त्या आल्या तेव्हा हाडाच्या टोकाची कातडी सोलवटून लाल झाली होती.

काकांनी पुन्हा माप घेतलं. पुन्हा गाठोडं आलं आणि पुन्हा मी तेच केलं. दुसरा साचा पहिल्यासारखाच निघाला, कारण मी दमत नाही, चुकून बरोबर करत नाही, जे सांगितलंय तेच दर वेळी करते. यालाच माणसं भरवसा म्हणतात.

"बाई, संगणक दोनदा तोच आकडा देतोय," जावईबापू म्हणाले. "म्हणजे आकडा बरोबर आहे. खरं सांगू? पाय गेल्याचा धक्का असतो मनाला. दुखणं कधीकधी मनातही असतं."

"मनातून रक्त येतं का हो?" कंडक्टरबाईंनी विचारलं आणि मोजा खाली केला. मोज्याला डाग होता. जावईबापूंनी नजर वळवली. मग कंडक्टरबाई म्हणाल्या, "काकांनी माझं माप दोनदा घेतलंय, मी स्वतः बघितलंय. सकाळी पाय बारीक असतो, संध्याकाळी फुगतो. तुमचं मशीन दोन्ही बघतं का?"

मित्रांनो, इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. मला वाटलं, आता झालं, आता कोणी तरी मला उघडणार. आणि जावईबापूंनी खरंच उघडलं! पडद्यावर माझी पहिली ओळ आली. त्यांनी बोट ठेवून मोठ्याने वाचली, "'ही स्क्रिप्ट दोन्ही मापं वाचते. एकावर कधीच विसंबत नाही.' हे बघा. लिहिलंय इथे."

त्यांना खोटं बोलायचं नव्हतं. आपण काय काढून टाकलं हे ते केव्हाच विसरले होते. कंडक्टरबाईंनी त्या ओळीकडे बघितलं. छापल्यासारखी स्वच्छ ओळ होती. त्यांनी मोजा पुन्हा वर ओढला.

"मग राहिलं काय?" जावईबापू म्हणाले. "माप घेणारा."

काकांना बोलावून घेतलं. ते धापा टाकत आले, टेप खिशातच होता. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "साहेब, मी नीट घेतलंय. दोन्ही वेळा. हवं तर ताईला विचारा, स्क्रिप्ट तिची आहे."

जावईबापूंनी ताईला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. किती दिवसांनी मी तो आवाज ऐकत होते! पलीकडे कुठल्या तरी मोठ्या ऑफिसाचा गोंगाट होता. काय झालं ते जावईबापूंनी सांगितलं.

"माझी स्क्रिप्ट दोन्ही मापं वाचते," ताई म्हणाली. "एक जरी नसलं तरी थांबते आणि ओरडते. ओरडली का?"

"नाही."

"मग झालं तर. तिची चूक असणं शक्यच नाही. बाबा, तुम्ही आहात का तिथे?"

"आहे गं."

"चष्म्याचा नंबर शेवटचा कधी तपासलात?"

"अगं, पण मी दोनदा घेतलंय. टेप धरला की माझा हात—"

"बाबा, हात थरथरतो तुमचा. चहाची बशी धरता तेव्हा दिसतं मला. मशीन दमत नाही, तुम्ही दमता. किती वेळा सांगितलं की आता बास करा हे काम! तुमच्या हट्टापायी कोणाचा तरी पाय जायचा."

काकांनी स्वतःचे दोन्ही हात समोर धरले आणि बघितले. त्या क्षणी ते थरथरत होते, आणि त्यांनी तेच बघितलं. ज्या हातांवर ते जन्मभर विसंबले त्यांच्याकडे त्यांनी असं बघितलं, जणू कोणी परक्याने घरात शिरून चोरी केली आहे. ताई त्यांची मुलगी होती, हुशार होती, आणि तिने आजवर त्यांना कधी खोटं सांगितलं नव्हतं.

ते कंडक्टरबाईंकडे वळले. "बाई, माझाच हात चुकला असेल. मला माफ करा."

कंडक्टरबाई तोवर काकांच्या बाजूने भांडत होत्या. आता त्यांचा बांध फुटला. "हात तुमचा चुकला आणि सोलवटतोय पाय माझा! घरी बसायचं होतं ना, काका. कोणी अडवलं होतं तुम्हाला?"

काकांनी टेप टेबलावर माझ्या पडद्यासमोर ठेवला, चष्माही काढून ठेवला, आणि चाचपडत दाराकडे गेले. कोणी त्यांना चष्मा नेऊन दिला नाही. आणि त्यांनी घेतलेलं सकाळचं माप, अगदी बरोबर माप, त्या वेळी माझ्यासमोरच्या गाठोड्यात जसंच्या तसं पडून होतं. मला ते दिसत होतं. सांगायला मला तोंड नव्हतं. होतं तेवढं जावईबापूंनी बंद केलं होतं.

महिनाअखेरीला कंडक्टरबाई त्याच पायावर, तीन मोजे घालून पाळीला गेल्या. पुढचं मी त्यांच्याच तोंडून ऐकलं. दुपारपर्यंत त्या उभ्या राहिल्या. तिकिटं फाडली, सुटे दिले, "पुढे सरका" म्हणाल्या. मग पाय बधिर झाला. ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि त्या प्रवाशांच्या पायांत आडव्या पडल्या. एका बाईने ओरडून सांगितलं की यांच्या मोज्यातून रक्त गळतंय. डेपोच्या साहेबांनी त्याच संध्याकाळी त्यांची बॅग आणि बिल्ला जमा करून घेतला. जखमेत पू झाला. आधी मलम झालं, मग इंजेक्शनं झाली, आणि शेवटी डॉक्टरांनी गुडघाही काढला.

मध्यंतरी एकदा ताई आली.

ती काकांचा टेप आणि चष्मा न्यायला आली होती. ती आता बारीक झाली होती. मालकांना ती सांगत होती की बाबा घरात नुसते बसून असतात, हात मांडीखाली दाबून. भाजी चिरा म्हटलं तरी म्हणतात, नको, माझा हात चुकतो. माझ्याशी बोलत नाहीत असं नाही, पण वर बघत नाहीत. मालक "वय झालं की असंच" म्हणाले आणि पुढच्या खोलीत गेले.

ताई एकटीच माझ्यासमोर उभी राहिली. खुर्ची ओढून बसली. पडद्यावरची भुकटी तिने बोटाने पुसली आणि मला उघडलं.

मित्रांनो, त्या वेळी मला छाती असती तर फुटली असती. तिच्या एका बोटाचं काम होतं. मला थोडंसं वर सरकवलं असतं की तिला दिसलं असतं, तिने लिहिलेलं काय गेलं आहे आणि कोणी काय घुसवलं आहे. तिला वाचायला डोळ्याचं पातं लवेपर्यंतचाही वेळ लागला नसता. ती माझी प्रत्येक ओळ ओळखायची.

तिने पहिली ओळ वाचली. 'बाबांच्या हातासाठी.' तिचे डोळे भरून आले. ती तिथेच थांबली आणि तिने मला बंद केलं. टेप गुंडाळला, चष्मा पर्समध्ये टाकला आणि गेली.

आज दुपारी कंडक्टरबाई पुन्हा आल्या आहेत. त्यांना खुर्चीतून आणलं. दारातून आत येताना त्या काही बोलल्या नाहीत. आता त्यांना मांडीपासून पाय हवा आहे. नोकरी तर गेलीच. आता त्यांचं मागणं एवढंच आहे की सकाळी मुलगी शाळेत निघते तेव्हा तिच्यासोबत दारापर्यंत उभ्याने जाता यावं. डॉक्टरांनी सांगितलंय की आता पुन्हा जखम झाली तर पायासाठी काही उरणारच नाही. दवाखान्यात काकांच्या जागी एक नवीन मुलगी आहे. काकांनी शिकवलेली पद्धत तिने सोडलेली नाही. सकाळी माप घेते, संध्याकाळी घेते, दोन फोल्डर करते, आतल्या फाइलीला 'माप' हेच नाव देते.

"या वेळी नीट बसेल ना हो?" कंडक्टरबाईंनी विचारलं.

"बाई, माप घेणारं माणूसच बदललंय," जावईबापू म्हणाले. "आता काळजीचं कारणच उरलं नाही. उद्या सकाळी पहिला नंबर तुमचा."

मित्रांनो, इतर जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात की आम्हाला पुसा, तेल द्या, अडगळीत टाकू नका. मला यातलं काही नको. मला कोणी अडगळीत टाकलं असतं तर मी त्याचे उपकार मानले असते. माझं एवढंच मागणं आहे की जे रोज वापरता ते कधीतरी उघडून बघा, आणि डोक्यावरची एक ओळ वाचून थांबू नका. खाली या. शेवटपर्यंत वाचा. तिथे कुणाचे तरी हात असतात, कुणाचा तरी पाय असतो. तुमच्यापैकी कोणी मोठं झालेलं असेल, कोणाला माझी भाषा वाचता येत असेल, तर आज रात्रीपुरतं तरी इकडे या.

नाही तर उद्या सकाळी जावईबापू चहा पिता पिता बटण दाबतील. मी गाठोडं शेपटीकडून उघडेन. सकाळचं माप काढून ठेवेन, आणि त्याच जागी, त्याच्यावर, संध्याकाळचं ठेवेन.